पहिलं नको

प्रयोगशाळेतल्या मोठ्या पडद्यावर एकच बटण होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'नको'. हेमांगी तेरदाळेने ते दाबलं. पडद्याच्या तळाशी दोन ओळी उमटल्या.

स्पर्श: नको.
नोंद: हो.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग तिने बोट बदललं, हात बदलला, शेवटी पेनाच्या टोकाने टोचलं. बटण आपलं सोज्वळपणे 'नोंद झाली, धन्यवाद' म्हणत होतं आणि खाली 'हो' लिहीत होतं.

"अरे, हा काय चावटपणा आहे!" हेमांगी इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या.

तिला राग यायला कारण होतं. हे बटण तिचं होतं. 'कळसूत्र' ही कंपनी कोल्हापुरात दोन खोल्यांत भरत होती, तेव्हा तिने ते लिहिलं होतं. दुसऱ्यांना आपापले प्रोग्राम बांधता यावेत म्हणून कंपनी एक अवजारसंच बनवायची. पडद्यावर जे जे दिसतं, म्हणजे बटण, सरकपट्टी, टिचकीचा चौकोन, निवडीची यादी, त्या प्रत्येक सुट्या तुकड्याला 'पटलक' म्हणायचं असं पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. जुनी मंडळी अजून विजेटच म्हणत. बँकवाले, दवाखानेवाले, वाणी-भुसारवाले सगळे हेच पटलक घेऊन आपले पडदे बांधत. आणि सगळी बटणं हेमांगीच्या त्या एका मूळ बटणापासून जन्मलेली होती. मूळ बटणाला एखादी सवय लावली की ती त्याच्या पोराबाळांना लागलीच, प्रत्येकाला वेगळं शिकवावं लागत नसे.

हेमांगीने त्याला एकच सवय लावली होती. ज्याला स्पर्श झाला, तेच सांगायचं. आपली अक्कल पाजळायची नाही.

पुढे कंपनी मोठी झाली, हेमांगी रंग आणि रेखाटनाच्या विभागात गेली आणि मूळ बटण दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं. ते तिने आज उघडून पाहिलं ते भूपालदादाच्या मिशीमुळे.

भूपालदादा तिचा थोरला भाऊ. उभा जन्म त्याने बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवला. "इचलकरंजीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे," हे तो असं म्हणायचा की इचलकरंजीला न जाणारा माणूससुद्धा एकदा वळून बघायचा. मग मज्जातंतूंचा आजार झाला. हात गेले, पाय गेले, जीभ जड झाली. आता तो हेमांगीच्या घरी खिडकीजवळच्या पलंगावर असायचा आणि नजरेने बोलायचा. समोर पडदा, पडद्यावर बटणं आणि अक्षरांची पाटी. ज्या बटणावर डोळे रेंगाळतील ते बटण दाबलं जाणार. घशात थोडा आवाज उरला होता. त्यातून 'हे... मे' एवढं निघायचं. घरी कामाला येणाऱ्या लीलामावशींवर चिडला तर आणखी एक-दोन शब्द निघायचे, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

हा माणूस जन्माचा आडमुठा. कुठलीही गोष्ट विचारा, पहिलं उत्तर 'नको'. आणि महिनाभरापूर्वी, पडद्यावर नवी आवृत्ती आली तेव्हापासून, तो अचानक गरीब गाय झाला. भजन लावू? हो. खिडकी बंद करू? हो. चहात साखर घालू? हो. भेटायला येणारे म्हणायचे, "भूपाल किती सोशिक झाला हो!" हेमांगीलाही बरं वाटलं होतं. दुखण्याने माणूस निवळतो, असं तिने स्वतःचं समाधानही करून घेतलं होतं.

मग कालच्या रविवारी न्हाव्याने विचारलं, "मालक, मिशी काढू का?" पडदा 'हो' बोलला आणि न्हाव्याने वस्तरा फिरवला.

हेमांगी बाजारातून आली तर दादाचे डोळे वाहत होते आणि घशातून असा आवाज येत होता की लीलामावशी देवापुढे जाऊन बसल्या होत्या. चाळीस वर्षं सांभाळलेली मिशी. वडील वारले तेव्हासुद्धा त्याने भावकीशी भांडण करून ती ठेवली होती. तो माणूस 'काढ' म्हणेल?

आणि मिशी परत येते. उद्या सकाळी जे व्हायचं होतं ते परत येणार नव्हतं. श्वासाची आणि अन्नाची वाट कायमची वेगळी करायची शस्त्रक्रिया ठरली होती. त्याने घास फुप्फुसात जायचा धोका टळणार होता, पण घशातून उरलासुरला आवाज यायचा तोही कायमचा बंद होणार होता. भूपालदादाने गेल्या आठवड्यात पडद्यावरून संमती दिली होती. हेमांगीला नवल वाटलं होतं, पण त्याचा देह, त्याची मर्जी, म्हणून ती गप्प बसली होती.

आता तिने दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर, ती संमती खोटी आहे. माझ्या भावाने 'नको' म्हटलं होतं. बटणाने 'हो' लिहिलं."

डॉ. खानोलकर सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, कायदा तुम्हाला ठाऊक आहे. बोलता न येणाऱ्या रुग्णाचं उत्तर फक्त प्रमाणित पडद्यावरूनच धरायचं. नातेवाईक परस्पर ठरवायचे म्हणून तर तो केला. तुम्हीच त्यासाठी साक्ष दिली होतीत ना?"

"दिली होती."

"मग आता तुमच्या सांगण्यावरून मी ती नोंद खोटी कशी ठरवू? त्यांना पुन्हा विचारतो हवं तर."

"कशावरून विचाराल? त्याच पडद्यावरून? त्याची अक्षरांची पाटीसुद्धा याच बटणांची आहे, 'न' वेचला की 'हो' उमटतं!"

हेमांगीने फोन ठेवला आणि तरातरा वर्तनशास्त्र विभागात गेली.

तिथे पुष्कराज बेडेकर बसायचा. वापरणारे लोक पडद्याशी कसे वागतात याचा अभ्यास करून बटणांना शहाणं करणं हे त्याचं काम. हुशार, कष्टाळू, आणि आपल्या कामावर भलता खूश.

"हां, ते पूर्वकल आहे," तो म्हणाला. "तुम्हाला दाखवायचंच होतं मॅडम. बटण आता स्पर्शाची वाट बघत बसत नाही, माणूस शेवटी कुठे पोचणार ते आधीच ओळखतं."

"'नको' दाबणारा माणूस 'हो'वर पोचणार, हे कुणी ओळखलं?"

"लोकांनीच शिकवलं की. आपल्या चाचण्या कुठे झाल्या? इथे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, घरोघरी. तुम्ही कुणाला चहा विचारा. नको. अहो, घ्या की. नको नको, आत्ताच झाला. अर्धा तरी? बरं, द्या मग. चाचणीचा पडदाही तसाच बांधला होता. 'नको' दाबलं की तो पुन्हा विचारायचा, 'नक्की नको?' घरच्यासारखं वाटावं म्हणून आपल्या प्रमुखांनी, निशिकांत सरांनी सुचवलं होतं. आणि मॅडम, पहिल्यांदा नको म्हटलेले जवळजवळ सगळे शेवटी 'हो'वर गेले! मग मधली पायरी ठेवायची कशाला? पूर्वकल ती गाळतं आणि शेवटचं उत्तर थेट नोंदवतं. बटणावर नको लिहा, नाही लिहा, नकाराचं कुठलंही बटण असो. लोकांचा किती वेळ वाचतो!"

"आणि ज्यांचं नको शेवटपर्यंत नकोच होतं, ते?"

"तसे फारसे सापडले नाहीत."

"सापडले नाहीत, की ठेवले नाहीत?" हेमांगीने खुर्ची ओढली. "मला सांग, 'नक्की नको?' असं दुसऱ्यांदा विचारल्यावर ज्याला खरंच नको असतं तो काय करतो?"

पुष्कराजने जरा विचार केला. "पडदा बंद करतो."

"त्याची नोंद कुठे आहे?"

"ती अपूर्ण. उत्तर पूर्ण झालं नाही तर ते मोजत नाही. सगळीकडे तशा नोंदी गाळतात मॅडम, चाचणीचा साधा नियम आहे." आणि एवढं बोलून तो स्वतःच थांबला.

"म्हणजे ज्यांचं नको खरं होतं, ते सगळे उठून गेले. तुम्ही उरलेल्यांकडे बघून ठरवलंत की खरं नको असं काही नसतंच. जेवायला बसलेली पानं मोजायची आणि सांगायचं, गावात आज कुणाचाच उपास नाही!"

पुष्कराजचा चेहरा उतरला. "पण तक्रार कुणाचीच नव्हती. दर वेळी शेवटी आपण विचारतो ना, समाधानी आहात का? शंभरातले शंभर हो म्हणाले."

"'नाही' दाबलं तरी 'हो'च लिहितंय ते! शंभरात शंभर! एवढं यश देवाला तरी मिळालंय का कधी? आणि लोक काय समजत असतील ठाऊक आहे? की आपलंच बोट चुकलं. नको असलेली बरणी घरी येते, नको असलेली वर्गणी सुरू होते, आणि माणूस बिचारा स्वतःच्या बोटाला शिव्या देतो." तिचा आवाज चढला आणि मग फुटला. "माझ्या दादाला पडदा बंद करता येत नाही रे. त्याला उठून जाता येत नाही. त्याच्याकडे एक 'नको' तेवढं उरलं होतं, तेही तुम्ही काढून घेतलंत."

पुष्कराज खालच्या आवाजात म्हणाला, "मूळ बटणात बदल करायला संचालक मंडळाचा ठराव लागतो. आज दुपारी बैठक आहे. ठराव झाला की अंमल आपोआप होतो, मधे कुणाचा हात लागत नाही. पण ते मंजूर करणार नाहीत मॅडम. पूर्वकल आल्यापासून आपल्या गिऱ्हाइकांची विक्री वाढलीय."

"वाढणारच. नको म्हणायची सोयच ठेवली नाही तर काय होईल?"

उठता उठता तिच्या मनात काहीतरी आलं. "पुष्कराज, मंडळाचं मतदान कशावर होतं रे?"

"आपल्याच बटणांवर. निशिकांत सरांचा आग्रह असतो ना, आपण बनवतो ते आपण वापरायचं."

हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. पुष्कराज मुकाट गाळलेल्या नोंदी काढायला लागला.

दुपारी बैठकीच्या खोलीत पाच संचालक होते. मधे निशिकांत मिरजकर, कंपनीचे प्रमुख. माणूस गोड बोलण्यात पटाईत. अलीकडे त्यांची कळी विशेष खुलली होती, कारण गेल्या महिन्यापासून त्यांचा प्रत्येक ठराव एकमताने मंजूर होत होता. आपल्या नेतृत्वाला बहर आलाय, असं ते घरी बायकोला सांगत.

हेमांगीने सगळं मांडलं. मिशी, संमती, उद्याची शस्त्रक्रिया. गाळलेल्या नोंदीही पुष्कराजकडून पडद्यावर मांडून घेतल्या. निशिकांतरावांनी मान हलवत ऐकलं.

"हेमांगीताई, तुमच्या भावना आम्हाला कळतात. पण एका घरच्या अडचणीसाठी सगळा अवजारसंच मागे न्यायचा का? अहो, आपल्या लोकांचं 'नको' म्हणजे नुसती रीतभात असते. मी स्वतः सासरी गेलो की तीनदा नको म्हणतो आणि चार पुरणपोळ्या खातो." मंडळी हसली. "माणूस तोंडाने काय म्हणतो ते कुणीही लिहून घेईल. त्याच्या मनात काय आहे ते आपण नोंदवतो."

"म्हणजे स्पर्श काहीही असो, नोंद हीच माणसाची खरी इच्छा?"

"अर्थात. गिऱ्हाइकांशी आपला करारच तसा आहे. नोंद अंतिम."

"हे इतिवृत्तात घ्याल?"

"घ्या ना! ठळक अक्षरांत घ्या."

"बरं," हेमांगी म्हणाली. "मग माझा ठराव मतदानाला टाका. पूर्वकल मूळ बटणातून काढून टाकावं. आणि त्याच्या काळात दवाखान्यांनी घेतलेली प्रत्येक संमती रद्द धरून रुग्णाला पुन्हा विचारावं. मान्य आहे का? हो किंवा नाही."

निशिकांतरावांनी उदारपणे हात पसरले. "टाका. लोकशाही आहे."

पाच जणांसमोरचे पाच छोटे पडदे उजळले. निशिकांतरावांनी 'नाही' दाबलं, जरा जोरातच. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून 'नाही' दाबलं. प्रत्येक पडदा अदबीने म्हणाला, 'नोंद झाली, धन्यवाद.'

मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निकाल आला. ठराव एकमताने मंजूर. त्याखाली हिरवी रेघ सरकू लागली. अंमल सुरू झाला होता.

"हे काय?" निशिकांतराव अर्धवट उठले. "मी नाही दाबलं होतं!"

"मीसुद्धा!" मंडळावरच्या वकीलबाई ॲडव्होकेट पाटणकर म्हणाल्या.

"नुसती रीतभात असेल हो," हेमांगी म्हणाली. "मनातून हवंच होतं तुम्हाला. नोंद बघा ना."

"थट्टा पुरे! हे रद्द करा, ताबडतोब! ही नोंद चुकीची आहे!"

"मग तसं लिहून द्या सर. कळसूत्रचं बटण माणसाचं नाही घेतं आणि हो लिहितं, असं. खाली सही करा. मी तोच कागद दवाखान्यात देते, आणि सगळ्या वर्तमानपत्रांत. माझं काम तेवढ्यानेही होईल. नाहीतर नोंद अंतिम, ठराव मंजूर. काय लिहिता?"

निशिकांतरावांनी पुष्कराजकडे पाहिलं. पुष्कराज छताकडे बघत होता. वकीलबाईंना मात्र मधेच काहीतरी आठवलं. त्या चष्मा काढून सावकाश म्हणाल्या, "निशिकांत, मागच्या बैठकीत तुमच्या मेहुण्याच्या नेमणुकीला मी नाही म्हटलं होतं. मला वाटलं मी एकटीच पडले. ते एकमताने मंजूर झालं होतं नाही का?"

"मीही नाही म्हटलं होतं," पलीकडचे एक गृहस्थ म्हणाले.

आता ते एकमेकांकडे बघू लागले आणि ठरावाकडे बघायला कुणालाच सवड राहिली नाही. निशिकांतरावांनी काही लिहून दिलं नाही. रेघ शेवटाला पोचली. हेमांगीने पर्स उचलली. तिची चीड अजून उतरली नव्हती. एका भावाच्या एका शब्दासाठी एवढं कपट करावं लागावं, याचीच चीड जास्त होती.

संध्याकाळी डॉ. खानोलकर स्वतः घरी आले. दवाखान्यातल्या सगळ्या पडद्यांवर पुन्हा विचारण्याची सूचना येऊन धडकली होती आणि त्यांनी पहिला नंबर भूपालदादाचा लावला होता.

पलंगासमोरचा पडदा उजळला. 'शस्त्रक्रियेला तुमची संमती आहे का?' भूपालदादाचे डोळे सरळ 'नको'वर गेले आणि तिथेच रुतून बसले.

'तुमचं उत्तर: नको,' पडद्यावर आलं. ही ओळ मूळ बटणात पूर्वी असायची, पूर्वकलने ती काढून टाकली होती.

डॉक्टर पलंगाच्या कडेवर टेकले. "भूपालराव, धोका राहील बरं का. घास फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होईल. जिवावरही बेतू शकतं. मी पुन्हा विचारतोय, नक्की नको?"

दादाचे डोळे पुन्हा तिथेच गेले. आणि तेवढ्याने भागेना म्हणून की काय, त्याने छाती भरून घेतली. सगळं अंग ताठलं. घोगरा, फाटका आवाज आला, "न... को."

फलाटावरच्या त्या आवाजातलं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. पण डॉक्टरांना आणि हेमांगीला तो स्पष्ट ऐकू आला. डॉक्टरांनी नोंदीवर सही केली आणि "बरं" म्हणून उठले. हेमांगी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली आणि तिथे उभी राहून पोटभर रडली.

परत आली तेव्हा दादा खिडकीबाहेर बघत होता. ओठावर पांढरे खुंट उगवायला लागले होते.

"चहा करू, दादा? दाटसर करते, चमच्याने देईन."

डोळे पडद्यावर आले. 'नको.'

हेमांगी वळली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. महिनाभरात तिने दुसऱ्यांदा कधी विचारलंच नव्हतं. पडदा हो म्हणायचा, ती चहा टाकायची, काम झालं. यंत्राने त्याचं 'नको' खाल्लं होतं, आणि त्याबरोबर तिचं पुन्हा विचारणंही.

"अर्धा तरी?"

'नको.'

"बघ हं. मी माझ्यासाठी टाकतेच आहे."

डोळे पडद्यावर इकडेतिकडे फिरले. 'नको'वर क्षणभर टेकले, तिथून निघाले, अक्षरांच्या पाटीवर गेले आणि एकेक अक्षर सावकाश वेचू लागले. हेमांगी दारात उभी राहून वाट बघत होती. अखेर पडद्यावर त्याचं उत्तर पूर्ण झालं.

'बिनसाखरेचा.'